नाईक यशवंत घाडगे, व्ही. सी.

इतिहास शिकतांना आपण लढायांचीं नांवें व सनावळ्या पाठ करतों. अमुक सालीं अमुक सैन्याचा जय झाला, एवढें लिहिलें कीं परीक्षेपुरतें काम भागतें. परंतु ‘सैन्य’ या एका शब्दाआड किती घरें उभीं असतात, याचा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. म्हणून या लेखांत एकाच शिपायाची हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजीं माणगांव तालुक्यांतील पळसगांव येथें झाला. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यालाच आज रायगड म्हणतात. कोंकणच्या भातशेतीवर ज्या कुटुंबांचा वर्षाचा निर्वाह होत नसे, त्यांतील तरुण मुंबईची वाट धरीत किंवा पलटणींत नांव नोंदवीत. यशवंतराव पलटणींत गेले. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्यें ते नाईक झाले. नाईकाच्या हाताखालीं सुमारें दहा शिपायांची तुकडी असते. त्यांच्या जिवाची जबाबदारी त्याच्या शिरावर असते.

ही बटालियन १९४१ मध्यें एरिट्रियांतील केरेनच्या डोंगरांत लढली होती. पुढें ती दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलींत गेली. ४ जून १९४४ रोजीं रोम शहर दोस्तांच्या हातीं आलें. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटूं लागलें. पण तें पळत नव्हतें. टेकडी टेकडीवर मशीनगनी रोवून, चढून येणाऱ्याला अडवीत तें मागें सरत होतें. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत अशी एकेक टेकडी चढून घेण्याचें काम आमच्या पायदळाच्या वांट्यास आलें.

१० जुलै १९४४ रोजीं मराठ्यांच्या एका कंपनीनें शत्रूच्या बळकट मोर्च्यावर हल्ला केला. घाडगे यांची तुकडी अगदीं जवळून मशीनगनच्या माऱ्यांत सांपडली. क्षणार्धांत तुकडींतील प्रत्येक जण ठार किंवा जखमी होऊन पडला. उभे राहिले ते एकटे नाईक. आपल्याबरोबर येण्यास आतां कोणीहि उरलेलें नाहीं, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें. तरीहि ते सरळ त्या मोर्च्यावर धांवून गेले. प्रथम त्यांनीं हातबाँब फेंकून मशीनगन व ती चालविणारा, दोघांनाहि निकामी केलें. नंतर टॉमीगननें आणखी एकास टिपलें. गोळ्या संपल्या, नवी पेटी चढविण्यास अवसर नव्हता. तेव्हां त्यांनीं बंदूक नळीकडून धरली व उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनीं लोळविलें. इतक्यांत दडून बसलेल्या बंदुकधाऱ्यांच्या गोळ्या त्यांच्या छातींत व पाठींत लागल्या. एकट्यानें जिंकलेल्या त्या मोर्च्यांतच त्यांनीं प्राण सोडला. त्यांचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें.

ब्रिटिश साम्राज्यांतील शौर्याचें सर्वोच्च पदक, व्हिक्टोरिया क्रॉस, त्यांना मरणोत्तर जाहीर झालें. १९४५ सालीं दिल्लीच्या लाल किल्ल्यांत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्तें तें त्यांच्या पत्नीनें स्वीकारलें. पदक घरीं आलें. देह मात्र आला नाहीं, व तिकडेहि त्याला ओळखीची कबर लाभली नाहीं. ज्यांच्या कबरी ठाऊक नाहींत अशा सैनिकांचीं नांवें इटलींतील कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेलीं आहेत. त्यांत हें नांव आहे.

येथें विचारी विद्यार्थ्याच्या मनांत एक शंका येईल. त्या वेळीं आपला देश परतंत्र होता. १९४२ च्या चळवळीनंतर अनेक थोर पुढारी तुरुंगांत होते. मग परक्या सरकारच्या निशाणाखालीं दिलेला प्राण आपण कां गौरवावा? ही शंका खोटी नव्हे, व ती दडपूनहि टाकूं नये. युद्ध पुकारणें हें शिपायाच्या हातीं नसतें. संकटांत कसें वागावें, एवढेंच त्याच्या हातीं असतें. सोबती पडलेले, मशीनगन अजून चालूच, अशा स्थितींत आपण मागें सरलों तर त्या जखमींचें व मागून येणाऱ्यांचें काय होईल, हा प्रश्न त्या क्षणाचा होता. नाइकांनीं त्याचें उत्तर आपल्या देहानें दिलें. आम्ही गौरव करतों तो साम्राज्याचा नव्हे, त्या उत्तराचा. आणि त्या मोर्च्यांत पडलेले शत्रूहि कोणाचे तरी मुलगे होते, हें विसरून या कथेंत आनंद मानूं नये. शौर्याची आठवण ठेवणें निराळें व संहाराची हौस बाळगणें निराळें.

इटलीच्या रणांगणांत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले व पांच हजारांहून अधिक तेथेंच राहिले. त्या मोहिमेंत दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकीं सहा त्यांच्या वांट्यास आले. त्यांतील दुसरे मराठा वीर नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीच्या लढाईंत त्यांनीं दोघां जखमी सोबत्यांना पाण्यांतून वाहून आणलें व शत्रूचे मोर्चे बंद पाडले. ते सुदैवानें परत आले.

माणगांवांत घाडगे यांचा पुतळा आहे. इटलींतील मोंतोने या गांवानेंहि जुलै २०२३ मध्यें त्यांच्या नांवाचें स्मारक उभारलें. तें सूर्यघटिकेच्या रूपाचें आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों, अशा अर्थाचें वचन त्यावर लॅटिन भाषेंत लिहिलें आहे. ज्या भूमींत ते परके म्हणून गेले, तिनें त्यांची आठवण ठेवली. पळसगांव तर आपल्या इतकें जवळ! विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गांवांतूनहि कोणी असा गेला असेल. घरीं वडील माणसांना विचारा, त्याचें नांव विचारून घ्या व तें लिहून ठेवा. इतिहासाचा खरा अभ्यास तेथून सुरू होतो.