पिकअप बदलण्याआधी थोडं ऐकशील?

हे बघ, मेटलसाठी नवा पिकअप घ्यायचा म्हणून तू पैसे साठवलेस, म्हणूनच खरेदीआधी चार गोष्टी सांगते. दुकानात गेलीस की पहिला शब्द कानावर पडेल तो ‘हाय आउटपुट’. मेटल वाजवतेस ना, मग सगळ्यात दणकट पिकअप घे, असं सांगतील. एवढ्यावर हुरळून जाऊ नकोस. ताकद द्यायला ॲम्प आहे. पिकअपकडून आपल्याला हवा असतो नेमकेपणा. पाम म्यूट करून जाड तार छेडली की ती ठक्कन वाजून तिथल्या तिथे थांबली पाहिजे, आणि भरपूर गेनवरही कॉर्डमधले स्वर वेगवेगळे कळले पाहिजेत. पिकअप गरजेपेक्षा जोरकस असला तर सगळ्याचा लगदा होतो, आणि मग तूच गेन उतरवत बसशील.

पटत नसेल तर मेटलच्या मुळाशी जाऊन बघ. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची 1965 मध्ये पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गेली. तार दाबायची तीच बोटं. तरी 1970 मध्ये त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडचा पहिला अल्बम आला. त्यात तो बहुतेक वाजवलाय गिब्सन एसजीवर, आणि तिच्यात होते पी-90, म्हणजे सिंगल कॉइल. एसी/डीसीच्या माल्कम यंगची ग्रेच गिटार घे. एकच ब्रिज पिकअप, तोही मवाळ, आणि ॲम्पवर गेन बेताचा. तरी त्याच्या रिफपुढे कितीतरी जण फिके पडतात.

तरीही मी तुला हंबकरच घ्यायला सांगेन, कारण सिंगल कॉइलवर गेन चढवला की विजेची घूंऽऽ वाढते आणि थांबून-थांबून वाजवायच्या रिफमध्ये ती नको होते. गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये यावर उपाय काढला, तोच हंबकर. दोन कॉइल उलट गुंडाळायच्या, त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे ठेवायचे. मग बाहेरची घूं एकमेकींत विरते आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो.

आता मुख्य प्रश्न. तुझ्या गिटारचं तुला नेमकं काय खटकतं? याचं उत्तर न देता घेतलेला पिकअप नशिबावर सोडल्यासारखा आहे. आधी एक फुकटचा उपाय कर. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ब्रिज पिकअप आणि तार यांच्यातलं अंतर मोज. दीड-दोन मिलिमीटरच्या आसपास असू दे. जाड तारांकडे किंचित जास्त ठेव. फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो आणि लांबवलेला स्वर डळमळतो. फार खाली असेल तर आवाज मरगळतो. दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत, दर वेळी तोच रिफ वाजवत ऐक. पुष्कळांची तक्रार इथेच मिटते, अगं.

नाही मिटली, तर गिटारच्या स्वभावाच्या उलट जा. महोगनीची, जड, जरा कोंदट बोलणारी गिटार असेल तर सेमूर डंकनचा जेबी बघ. त्याच्या मधल्या स्वरांचा वरचा पट्टा पुढे येतो आणि सोलो बँडच्या गर्दीतून वर येतो. पण आधीच कडक, किणकिणणाऱ्या गिटारमध्ये तोच जेबी कानाला बोचू शकतो. तिथे डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन मला जास्त आवडतो, जाड आणि भरलेला. 1972 मध्ये लॅरी डिमार्झिओने तो काढला आणि गिटारमधला मूळ पिकअप काढून दुसरा बसवायची रीत रुळली. पातळ आवाजाच्या गिटारला तो अंगच देतो.

कंपन्यांच्या पानांवर किलोओहमचे आकडे असतात, त्यांच्या नादी लागू नकोस. जेबी साधारण 16, सुपर डिस्टॉर्शन साधारण 14, पण त्यावरून सुपर डिस्टॉर्शन मवाळ ठरत नाही. कॉइलची तार किती बारीक, चुंबक कोणता, यावर सगळं अवलंबून. अल्निको 2 मऊ, अल्निको 5 जास्त स्पष्ट आणि खणखणीत, सिरॅमिक टणक आणि झटपट. तार खूप उतरवून वाजवणार असशील तर सिरॅमिककडे झुक.

ईएमजी 81 चा मोह तुला होणारच, कारण जेम्स हेटफिल्ड, झॅक वाइल्ड यांनी तो गाजवला. तो खरंच घट्ट आणि शांत आहे. पण तो ॲक्टिव्ह आहे. आत 9 व्होल्टची बॅटरी लागते, आणि पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या खुंट्यांखालचे, 25 किलोओहमचे लागतात. साध्या हंबकरला मात्र 500 चे. शिवाय केबल जॅकमध्ये राहिली की बॅटरी उतरत राहते, तेव्हा वाजवून झालं की केबल काढायची सवय लाव.

आणि एक मनातलं. गिटारच्या दुकानात मुलगी दिसली की ‘भावासाठी का?’ असं विचारणारे भेटतील. त्यांना उत्तर देऊ नकोस, पण तू हे लक्षात ठेव. ॲबिगेल यबारा 1956 पासून फेंडरमध्ये पिकअप गुंडाळत होती आणि तिच्या हातच्या पिकअपसाठी लोक आजही धडपडतात. सेमूर डंकनचा खास ऑर्डरींचा विभाग मारिसेला हुआरेझने सांभाळला. या वाद्याच्या पोटात बायकांचे हात पहिल्यापासून आहेत. तू बिनधास्त आत जा आणि हवं ते विचार.

बसवताना दोनच गोष्टी जप. फ्लॉइड रोज ब्रिजवर तारांमधलं अंतर जास्त असतं, तेव्हा रुंद अंतराचा पिकअप माग. आणि वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. डंकनची गरम वायर काळी, डिमार्झिओची लाल. म्हणून आकृती समोर ठेवूनच सोल्डर कर. पॉट, जॅक, सोल्डर पुण्यात बुधवार पेठेत नाही तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील. हात बसलेला नसेल तर ॲम्प दुरुस्त करणाऱ्याला दे.

सध्या फक्त ब्रिजचा बदल. जुना पिकअप फेकू नकोस, डब्यात जपून ठेव. महिनाभर बँडबरोबर वाजव, एकटी खोलीत नाही. नेकचं त्यानंतर बघू, तेव्हा मला फोन कर.