मनगटाचे म्हणणे

मुलांनो, एक लहानसा प्रयोग करून पाहा. हात समोर धरा, मनगट तळव्याच्या बाजूस होईल तेवढे वाकवा आणि आता मूठ घट्ट आवळा. मूठ नीट आवळली जात नाही. बोटे जणू आपली आज्ञा मानीत नाहीत. तेच मनगट किंचित मागे झुकवा, म्हणजे मुठीत पुन्हा बळ येते. असे का व्हावे? बोटे वाकविणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. तेथून निघालेल्या दोरीसारख्या चिवट कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचे हात दूरच्या दोऱ्यांनी हलावेत, तसाच हा प्रकार होय. मनगटात आठ लहान अस्थी असतात. त्या अस्थी आणि त्यांवरील एक रुंद पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा आहे, आणि त्यातून नऊ कंडरा व एक महत्त्वाचा मज्जातंतू दाटीवाटीने जातात. तेथे सूज आली की तो मज्जातंतू चेपला जातो. मग अंगठा व त्याच्या शेजारची बोटे बधिर होतात आणि रात्री मुंग्यांनी झोप उडते.

गिटार वाजविणाऱ्याचा डावा हात नेमका या बोगद्याच्या जिवावर काम करीत असतो. वाद्याच्या मानेमागे अंगठा आणि पुढे चार बोटे, अशी पकड धरून तारा दाबावयाच्या असतात. बसण्याची पद्धत चुकली, वाद्याची मान खाली कलली, की मनगट आपल्या प्रयोगात वाकले होते तसेच वाकते. बोटांचे बळ घटते. वादक ते अधिक जोर लावून भरून काढू पाहतो. आणि हा व्यवहार रोज दोन-दोन तास चालला, म्हणजे मनगट एक दिवस तक्रार करतेच.

भिवंडीचा धामणकर नाका ज्यांनी पाहिला आहे, त्यांस तेथील गर्दी सांगावयास नको. कापडाचे तागे लादलेले टेम्पो, रिक्षा, हातगाड्या आणि पादचारी यांची तेथे दिवसभर रेटारेट चाललेली असते. आतल्या गल्ल्यांत शिरावे, तो यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो. कांड्या भरणे, धोट्यात कांडी बसविणे, तुटलेल्या सुताला गाठ मारणे, ही सारी बोटांची व मनगटाची कामे. या गावात हात दुखावणे म्हणजे काय, हे कोणास समजावून द्यावे लागत नाही.

माझ्या शाळेतील नववीचा एक विद्यार्थी पावसाळ्यात याच नाक्यावर सायकलवरून घसरला. पडताना माणूस सहजच तळहात टेकतो. त्यानेही डावा हात टेकला. सूज आली, ती उतरली. परंतु अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जी खळगी असते, तेथे दुखत राहिले. त्याने ते कोणास सांगितले नाही. वडील यंत्रमागावर कामगार. त्यांनी उसनवारी करून त्याला गिटार घेऊन दिली होती, आणि स्नेहसंमेलनात त्याचे वादन ठरले होते. दात आवळून तो तीन आठवडे वाजवीत राहिला. डबा खाताना त्याचा डावा हात मांडीवरच पडून असतो, हे वर्गशिक्षकांच्या ध्यानात आले, तेव्हा कोठे तो डॉक्टरांपुढे उभा राहिला.

त्या खळगीखाली होडीच्या आकाराची एक लहान अस्थी असते. तिच्यात तडा गेला, तर पहिल्या क्ष-किरण छायाचित्रात तो कधी कधी दिसतही नाही. म्हणून दुखणे कायम असल्यास दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासावे लागते. या अस्थीला रक्त मिळते ते मुख्यतः बोटांकडच्या टोकाने. मध्येच तडा गेला की कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि हयगय केल्यास तो तुकडा मृतही होऊ शकतो. मुलाला तीन महिने प्लास्टर सांगितले गेले. वादन अर्थातच रद्द झाले. तो रडला. त्याचे वडील मला म्हणाले, “गुरुजी, आडवं सूत तुटलं की माग आपण होऊन थांबतो. थांबला नाही, तर कापड नासतं. ह्या पोराला तेवढं कळलं नाही.”

परंतु दोष एकट्या पोराचा नव्हे. बोटांतून रक्त येईपर्यंत रियाज केल्याच्या कथा आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात. मला ते कौतुक रुचत नाही. रॉबर्ट शूमान या जर्मन संगीतकाराने १८३० मध्ये कायद्याचे शिक्षण सोडून पियानोवादक होण्याचा ध्यास घेतला. पुढच्या एक-दोन वर्षांतच त्याचा उजवा हात निकामी होऊ लागला. बोटांना बळ यावे म्हणून त्याने एक यांत्रिक साधनही वापरले होते. बिघाडाचे खरे कारण काय, याविषयी मतभेद आहेत. वादक होण्याची त्याची आशा मात्र संपली. तो रचनाकार झाला आणि त्याच्या रचना त्याची पत्नी क्लारा हिने जगापुढे वाजविल्या.

प्लास्टरच्या काळात आमच्या विद्यार्थ्याचा उजवा हात मोकळा होता. त्याच्या शिक्षकांनी त्याला मोकळ्या तारांवर नुसता ठेका धरावयास लावले. एकेक तार मुद्दाम उतरवून ठेवावी आणि त्याने ती केवळ कानाने जुळवावी, असा क्रम रोज चाले. संगीत बोटांत किती आणि कानांत किती, हा प्रश्न मोठा आहे. पंडित हरिप्रसाद चौरसिया मुंबईत अन्नपूर्णादेवींकडे शिकावयास गेले, तेव्हा ते नवशिके नव्हते. मुळापासून शिकण्याची आपली तयारी दाखविण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली आणि दोन्ही हातांना नवे काम दिले, असे ते सांगत आले आहेत. बोटांना सारे नवे होते, कानांना नव्हते.

जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची गोष्ट याहून कठीण. १९२८ मध्ये पॅरिसजवळ त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. जखमा भरून येण्यास दीर्घ काळ लागला. त्यानंतर त्याने उरलेल्या दोन बोटांनी तारांवर धावण्याची स्वतःची रीत बसविली आणि १९३४ पासून पॅरिसच्या वाद्यवृंदात ती जगाला ऐकविली. आणखीही एक वाट आहे. पंडित ब्रिजभूषण काबरा गिटार आडवी ठेवून तारांवर पोलादी कांब सरकवीत. या पद्धतीत तारा बोटांनी दाबाव्या लागत नाहीत आणि डावे मनगट मुरडावेही लागत नाही.

आमच्या मुलाला तसे काही करावे लागले नाही. प्लास्टर निघाले तेव्हा मनगट लाकडासारखे ताठ झाले होते. कोमट पाण्यात हात ठेवून ते सावकाश हलवावयाचे, असे काही आठवडे गेले. मग डॉक्टरांच्या अनुमतीने वादन सुरू झाले : पाच मिनिटे वाजवावयाचे, दहा मिनिटे थांबावयाचे, दुखले तर त्या दिवसापुरते वाद्य पिशवीत. जाड तारा काढून हलक्या तारा बसविल्या. वाद्याची मान वर राहावी म्हणून वडिलांनी मागाच्या जुन्या लाकडाचा एक ठेंगणा पाट करून दिला. डावा पाय त्यावर ठेवला की मनगट सरळ राही. त्या वर्षीच्या संमेलनात त्याने दुसऱ्या एका मुलीची गिटार जुळवून दिली आणि तो पडद्यामागे बसून राहिला. पुढील वर्षी तो रंगमंचावर आला, तेव्हा एका हातात गिटार होती आणि दुसऱ्या हातात तो पाट.