गल्ला दुकानाचा, खर्च घराचा : वर्षाचा हिशोब कसा मांडावा?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीभोवती आपले अनेक बांधव कापड दुकान, शिलाई, वेल्डिंग, फर्निचर, गॅरेज किंवा लेथवरचे जॉबवर्क करतात. त्यांच्या घरखर्चाचा प्रश्न नोकरदारापेक्षा वेगळा आहे. कारखान्यातील कामगाराला पगार महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत मिळतो आणि मिळालेला पैसा त्याचाच असतो. आपल्या हातात पैसा रोज येतो, पण तो सगळा आपला नसतो. म्हणून पगारदाराचे मासिक कोष्टक आपल्याला पुरत नाही. दुकानदाराने व कारागिराने वर्षाचा हिशोब मांडावा आणि त्यातून महिन्याचा खर्च ठरवावा. तो कसा, हे आज पाहू.

गल्ल्यातील पैसा कोणाचा?

समजा, दिवसभरात १०० रुपयांचे कापड विकले. त्यात ८० रुपये मालाच्या खरेदीचे, म्हणजे मालेगाव, भिवंडी किंवा सुरतच्या व्यापाऱ्याचे. ८ रुपये भाडे, वीज व नोकराच्या मजुरीचे. उरले १२, ते आपले. आता संध्याकाळी घरून निरोप येतो आणि गल्ल्यातून ५०० रुपये काढून दिले जातात. ते ५०० रुपये कमावण्यासाठी सुमारे ४,२०० रुपयांची विक्री व्हावी लागते. तेवढी विक्री झाली नसेल तर घराने नफा नव्हे, भांडवल खाल्ले असे समजावे.

दिवाळीपूर्वी कामगारांचा बोनस वाटला जातो, तेव्हा आणि रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत गल्ला भरलेला दिसतो. त्याच दिवसांत घरात नवे कपाट, नवा मोबाइल येतो. मग पावसाळ्यात व पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक कमी होते, पेठेची उधारी थकते आणि पुढचा माल मिळत नाही. अशी दुकाने बंद पडतात तेव्हा लोक म्हणतात, धंदा चालला नाही. कित्येकदा धंदा चालत होता, पण भांडवल घरखर्चात गेले होते.

दुकानाकडून पगार घ्यावा

यावर उपाय असा की, मालकाने स्वतःला दुकानाचा नोकर समजून ठराविक पगार घ्यावा. तो ठरवण्याची रीत सोपी आहे. गेल्या बारा महिन्यांची वही काढावी व सर्व खर्च जाऊन निव्वळ किती उरले ते पाहावे. समजा, ४,२०,००० रुपये उरले. महिन्याची सरासरी ३५,००० आली. मात्र घरी ३५,००० नेऊ नयेत. पुढीलप्रमाणे तीन भाग करावेत :

१) घरखर्च : २८,००० रुपये. ही रक्कम दरमहा एकाच तारखेला घरी द्यावी. किराणा, भाडे, दूध, वीज, दवापाणी यातच बसवावे.

२) मोठे ठरलेले खर्च : ४,००० रुपये. वर्षाचे ४८,००० होतात. शाळा, ईद, कुर्बानी यांसाठी.

३) अडचणीची पुंजी : ३,००० रुपये. वर्षाचे ३६,००० होतात. आजारपण व मंदीसाठी.

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण रीत हीच. तेजीच्या महिन्यात जास्त उरले तरी पगार वाढवू नये. ती शिल्लक मंदीच्या महिन्याचा पगार आहे.

कारागीर बांधवांनी एक गोष्ट अधिक पाळावी. बिल फाडले म्हणजे आमदनी झाली असे धरू नये. पैसा हाती आल्यावरच तो वहीत जमा धरावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लहान कारखानदाराचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. तरीही किमान दोन महिन्यांचा घरखर्च शिलकीत असल्याशिवाय मोठे जॉबवर्क उधारीवर घेऊ नये.

हल्ली गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे देते. दुकान व घर यांचे एकच खाते असेल तर हिशोब कधीच लागत नाही. दुकानाचे खाते वेगळे व घराचे वेगळे ठेवावे.

दोन दिनदर्शिका

आपली आमदनी व शाळेची फी इंग्रजी महिन्यांवर चालते, तर सण चांद्र महिन्यांवर. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी पुढच्या महिन्याकडून मागच्या महिन्याकडे सरकते. घरचे गणित चुकते ते येथेच.

पाहा, २०१७ मध्ये ईदुल फित्र २६ जूनला आणि २०१८ मध्ये १६ जूनला होती. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास उघडतात. म्हणजे ईदचे कपडे आणि वह्या-पुस्तके, फी, गणवेश यांचा खर्च एकदम आला. पुढे बकरी ईद त्याच महिन्यात आली : २०२३ मध्ये २९ जून, २०२४ मध्ये १७ जून, २०२५ मध्ये ७ जून. सलग तीन वर्षे कुर्बानी आणि शाळा एकाच महिन्यात! हे अचानक आलेले संकट नव्हते. कॅलेंडर पाहून वर्षभर आधी कळत होते.

म्हणून वर्षारंभी एका कागदावर बारा महिने लिहून समोर दोन्ही ईद, शाळा, घरातील लग्न, दुकानाचे भाडेकरार व मार्चअखेरचे हिशोब मांडावेत. ज्या महिन्यात दोन खर्च एकत्र येतात त्याच्या आधीचे सहा महिने दुसऱ्या भागातील रक्कम वाढवावी.

शिल्लक कोठे ठेवावी?

भिशी आपल्याकडे पुष्कळ चालते. बारा जणांनी दरमहा १,००० रुपये टाकले तर पहिल्याला १२,००० बिनव्याजी उसने मिळतात, शेवटच्याची ती बचत होते. मोठ्या खर्चाच्या महिन्यातील नंबर आधीच मागून घ्यावा. मात्र माणसे ओळखीची असावीत, नोंद लेखी व सह्यांसह असावी. देण्याघेण्याची नोंद लिहून ठेवण्याचा स्पष्ट हुकूम सूरे बकरामध्ये आहेच. त्यात संकोच कसला?

सगळी पुंजी एका जागी ठेवू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवीला प्रत्येक खातेदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही, हे विसरू नये. व्याज टाळायचे असेल तर चालू खात्यावर ते मिळत नाही. इतर बाबतींत आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

दागिन्यांना बचत म्हणताना घडणावळ मोडताना परत मिळत नाही हे ध्यानात ठेवावे.

सुरुवात कधी करावी?

साहिबे निसाब बांधव वर्षातून एकदा जकातीसाठी माल, रोकड, येणे आणि देणे मोजतात. तोच दिवस घराच्या ताळेबंदाचाही ठेवावा. ज्यांच्यावर जकात नाही त्यांनी येत्या महिन्याची पहिली तारीख धरावी. त्या दिवशी पत्नीला सोबत बसवावे. घरात तेल किती लागते व कोठे काटकसर होते हे तिला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. पगाराचा आकडा दोघांनी ठरवला तर तो पाळला जातो. एकट्याने ठरवला तर आठ दिवसांत पुन्हा गल्ल्यात हात जातो.

मुलाबाळांवर हात आखडावा असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या शिक्षणाची फी वेळेवर भरता यावी आणि दुकानातील माल आपलाच राहावा, एवढ्यासाठी ही वही आहे. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.