आधी गाडीखाली शिरा

वैशाखात मी जुनी फोर-व्हील जीप घेतली. आमची हापूसची कलमं रत्नागिरी जिल्ह्यात, सड्याच्या उतरणीवर. वर जाणारी वाट मातीची आणि चढ उभा. मालकाने लिव्हर ओढून दाखवला, डॅशबोर्डवर दिवा लागला. रंग नवा होता. मी पैसे मोजले.

मृगात खताच्या गोण्या भरून निघालो, तर पहिल्याच चढावर मागची चाकं जागीच गरगरू लागली. दिवा पेटलेला, पण पुढची चाकं ढिम्म. जीप मागे घसरत गडग्याला टेकली. शेजारी धाकटा भाऊ होता आणि गडग्यापलीकडे खोल व्हाळ. गडग्याचे दगड घट्ट रचलेले होते म्हणून वाचलो.

मिस्त्रींनी पुढची बाजू उघडली. एका हबचे दाते पार झिजले होते. लिव्हर पडत होता, दिवाही लागत होता, पण जोर त्या चाकापर्यंत पोचत नव्हता. आणि एक बाजू मोकळी सुटली की डिफरन्शियल सगळं फिरणं तिकडेच देतं. दुसरं चाकही ओढत नाही.

म्हणून सांगतो, दिव्यावर विसंबू नका. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा, हब लॉक करा, फोर-व्हील टाका, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढचं एक चाक जॅकवर उचला. ते हाताने फिरत राहिलं, तर फोर-व्हील लागलेलीच नाही. मग चालवून बघा, पण मातीत. अशा जुन्या जीपमध्ये कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळलं की गिअरांवर ताण येतो.

डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. शाफ्टचे क्रॉस हाताने हलवा. किनाऱ्यालगतच्या गाडीची चासी, विशेषतः पाटे अडकवतात तिथे, हातोडीने हलकेच ठोका. काळ्या रंगाखाली गंज लपतो. इंजिन थंड असतानाच स्वतः सुरू करा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय.

चासी नंबर आरसीशी ताडून बघा. 15 वर्षं उलटली असतील, तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, तेही बघा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

विकणारा घाई करील. करू दे. चढावर तुमच्या शेजारी जो बसणार आहे, त्याच्यासाठी अर्धा दिवस काढा.