कुत्रं आपलं, चावा शेजाऱ्याला : खर्च किती?

पाळलेलं कुत्रं कुणाला चावलं की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं : "अहो, तो कधीच चावत नाही!" कायद्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 एवढंच पाहतं, की आपल्या ताब्यातल्या जनावराचा इतरांना धोका होऊ नये म्हणून तुम्ही पुरेशी काळजी घेतली होती का. नसेल घेतली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड 1,000 रुपयांपर्यंतच होता. 1 जुलै 2024 पासून तो वाढला.

पाच हजारांवर भागतंय म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. मुंबईत नेपियन सी रोडवर 2010 मध्ये एका रॉटवायलरने एका वृद्धाचे लचके तोडले. गिरगावच्या न्यायालयाने 2023 मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. वरळीत 2018 मध्ये लिफ्टमधल्या शेजाऱ्याने "मुलगा घाबरतो, जरा थांबा" म्हणून विनवलं, तरी मालकाने हस्कीला आत ओढलं आणि तो चावला. 2025 मध्ये चार महिने सक्तमजुरी. इतकी वर्षं वकिलाची फी आणि कोर्टाच्या तारखा, हा हिशोब कुठल्याच कलमात नसतो.

आता दवाखान्याचं बिल. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, याला पैसे पडत नाहीत. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत लस मोफत मिळते. खासगीत एका डोसला साधारण चारशे रुपये धरा. दंडात घेतल्यास पाच डोस : पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28. खोल, रक्ताळलेली जखम असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं आणि खरा आकडा इथे फुगतो. मानवी प्रकारचं किलोमागे 20 युनिट लागतं. म्हणजे साठ किलोच्या माणसाला 1,200 युनिट, 300 युनिटच्या चार कुप्या, आणि एकेक कुपी हजारोंच्या घरात. घोड्याच्या रक्तापासून केलेलं पुष्कळ स्वस्त पडतं. सरकारी दवाखान्यात बहुधा तेच असतं.

हे बिल मालकाने भरावं असं दरपत्रक कायद्यात नाही. आपसात मिटलं नाही तर जखमी माणूस दिवाणी न्यायालयात भरपाई मागू शकतो. "एका दातामागे दहा हजार" असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. तो 2023 चा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचा निकाल मोकाट जनावरांबद्दलचा आणि सरकारी जबाबदारीचा आहे. तुमच्या घरच्या लॅब्राडोरला तो दर लागत नाही. माझं मत विचाराल तर बिल पहिल्याच दिवशी, न मागता भरावं. पोलीस ठाण्यात जाणारी बरीच भांडणं चाव्यापेक्षा मालकाच्या अरेरावीची असतात. काही पाळीव प्राणी विम्यांत तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेची तरतूद असते. पॉलिसी घेताना ते कलम आधी वाचा.

या सगळ्यापुढे कुत्र्याची वर्षाची लस किती स्वस्त! खासगी पशुवैद्याकडे काही शे रुपये, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र. पालिकेचा परवाना काढताना हेच लसीचं कार्ड लागतं. लॉटचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही असलेलं कार्ड जपून ठेवा. चाव्यानंतर सगळे तेच मागतात.

चावल्यावर कुत्रं गावी पाठवून देणं किंवा लांब सोडून येणं हा सर्वात महागडा मूर्खपणा. प्राण्याला असं टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, शिवाय दहा दिवसांची निगराणी हुकते. कुत्रं दहाव्या दिवशी धडधाकट असेल तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, हे कळतं. मात्र जखमी माणसाची लस त्यासाठी थांबवायची नाही. पुढचे डोस कमी करायचे का, ते डॉक्टर ठरवतील.

या दिवसांत जबडा लोंबला, लाळ गळू लागली, पाणी गिळेना, तर "घशात हाड अडकलंय" समजून तोंडात हात घालू नका. रेबीज असाही दिसतो. कुत्र्याला खोलीत एकटं बंद करा आणि पशुवैद्याला बोलवा. रेबीज 2009 च्या पशुरोग कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे संशय आला तरी कळवणं मालकावर बंधनकारक : गावात ग्रामपंचायतीला, शहरात पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला. घरात ज्यांच्या अंगाला किंवा जखमेला ती लाळ लागली असेल, त्या सगळ्यांना त्याच दिवशी दवाखान्यात न्या.