निव्वळ बल : पेटी मागे का येत नाही?



सूत्र पाठ असूनही निव्वळ बलाच्या उदाहरणांत गुण जातात, असा आमचा वर्गातील नेहमीचा अनुभव आहे. बल ही सदिश राशी आहे, म्हणजेच तिला परिमाणाबरोबर दिशाही असते, हे आपण घाईत विसरतो. म्हणून आधी आकृती काढावी, प्रत्येक बलाचा बाण दाखवावा आणि मगच आकडेमोड करावी.

उदाहरण १ : २० किलोग्रॅमची पुस्तकांची पेटी दोन मुले फरशीवरून एकाच दिशेने ६० व ४० न्यूटन बलाने ढकलत आहेत. सरकत्या पेटीवरील घर्षण ३० न्यूटन आहे. पेटीचे वजन २० × ९.८ = १९६ न्यूटन खाली, तर फरशीचे तेवढेच बल वर; ही दोन्ही बले परस्परांना संतुलित करतात. आडव्या दिशेतील निव्वळ बल = ६० + ४० − ३० = ७० न्यूटन. त्वरण = ७० ÷ २० = ३.५ मी/से².

उदाहरण २ : तीच पेटी स्थिर असताना एकच मुलगा २० न्यूटन बल लावतो. कित्येक जण २० − ३० = −१० न्यूटन असे लिहून मोकळे होतात. हे खरे असते, तर पेटी उलट मुलाच्याच अंगावर आली असती! घर्षण स्वतःहून कोणाला ढकलत नाही. पेटी हलत नाही तोपर्यंत घर्षण लावलेल्या बलाइतकेच असते. म्हणून येथे २० − २० = ०. घर्षणाची कमाल मर्यादा ओलांडली, की पेटी सरकू लागते.

निव्वळ बल शून्य म्हणजे वस्तू स्थिरच, असे मात्र नव्हे. सरकत्या पेटीला नेमके ३० न्यूटन बल लावत राहिलो, तर ती त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहील. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त मांडलेला गतीचा पहिला नियम हेच सांगतो.

बले परस्परांना लंब असतील, तर सरळ बेरीज चालत नाही. पूर्वेकडे ३० व उत्तरेकडे ४० न्यूटन असल्यास पायथागोरसच्या प्रमेयाने परिणामी बल ५० न्यूटन येते, ७० नव्हे.

पालकांना विनंती, की मुलांचे उत्तर तपासण्याआधी आकृती पाहावी. बाण बरोबर असतील, तर उत्तर सहसा चुकत नाही.

स्वाध्याय : १० किलोग्रॅमची पेटी उजवीकडे सरकत आहे. तिच्यावर उजवीकडे ५० व डावीकडे २० न्यूटन बल लावले आहे. घर्षण १० न्यूटन आहे. त्वरण काढा.
(उत्तर : उजवीकडे २ मी/से²)