मैदानावरची जीभ, वेदीसमोरची जीभ



आपल्या धर्मग्रामाच्या फुटबॉल स्पर्धेतील उपान्त्य सामना आम्ही दोरीजवळ उभे राहून पाहत होतो. पंचांनी आपल्या संघाचा एक गोल ऑफसाईड ठरवला आणि आमच्या मागून शिवी आली. पंचांच्या आईवरून. वळून पाहिले तर रविवारी मिस्सात वाचन करणाऱ्या आपल्या तरुणांपैकीच एक जण होता. तोंडाला दारूचा वास येत होता. आम्हाला पाहून त्याने क्षणभर मान खाली घातली आणि मग मित्रांच्या गलक्यात पुन्हा सामील झाला. (तो कोण, याची चर्चा कृपया कोणी करू नये. त्या दिवशी ओरडणारा तो एकटा नव्हता.)

आम्ही काय केले? काहीच नाही. खरे सांगायचे तर तो गोल नाकारल्याचा राग आम्हालाही आला होता. सामना संपल्यावर पंच कोणाशीही न बोलता मोटारसायकलवरून निघून गेले. त्यांना चहाला थांबवायलाही आम्ही पुढे झालो नाही. तेव्हा आजचा हा पाठ प्रथम आमच्यासाठी आहे आणि मग तुमच्यासाठी.

चर्चच्या सभागृहात जन्मलेला संघ

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १८८७ साली सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात एका फुटबॉल क्लबची स्थापना झाली. त्यामागे ब्रदर वॉलफ्रिड नावाचे मारिस्ट संघाचे आयरिश व्रतस्थ बंधू होते. शहराच्या पूर्व भागातील आयरिश कॅथलिक कुटुंबे अतिशय गरीब होती. सामन्यांच्या तिकिटांतून पैसा उभा राहावा आणि त्यातून भुकेल्या मुलांना जेवण मिळावे, एवढाच हेतू होता. तो क्लब म्हणजे आजचा प्रसिद्ध सेल्टिक. त्याचा पहिला सामना मे १८८८ मध्ये रेंजर्स या संघाशी झाला. सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला आणि खेळ झाल्यावर दोन्ही संघ त्याच सभागृहात एकत्र जेवले.

पुढे काय झाले? रेंजर्स हा प्रोटेस्टंटांचा संघ आणि सेल्टिक कॅथलिकांचा, अशी वाटणी झाली. एकाने दुसऱ्याच्या धर्मावरून, वंशावरून, पोपवरून, राणीवरून शिव्यांची गाणी रचायची आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे. १० मे १९८० रोजी स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिकने रेंजर्सवर १-० असा विजय मिळवला. आनंदाच्या भरात एका बाजूचे लोक मैदानात उतरले, मग दुसऱ्या बाजूचे उतरले आणि बाटल्या, डबे, दगड यांचा मारा सुरू झाला. शेवटी घोडेस्वार पोलिसांना मैदानात शिरावे लागले. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये स्टेडियममध्ये मद्य नेण्यास आणि पिण्यास कायद्याने बंदी आली.

बंधुभगिनींनो, मुलांच्या जेवणासाठी निघालेल्या संघाच्या नावाने बाटल्या फेकल्या गेल्या, आणि फेकणाऱ्यांत बाप्तिस्मा झालेले कॅथलिकही होते. हे आपण लपवू नये.

आपल्या देशातील एक दिवस

हे 'तिकडचे' म्हणून सोडून देता येणार नाही. त्याच १९८० सालच्या १६ ऑगस्टला कोलकात्याच्या ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली आणि तिचे लोण गॅलरीत पोहोचले. दोन्ही बाजूंचे समर्थक एकाच गॅलरीत बसलेले होते. मारामारी झाली, मग पळापळ, मग चेंगराचेंगरी. १६ माणसे मेली. सामना पाहायला घरातून निघालेली १६ माणसे परत घरी आली नाहीत. कोलकात्यात या दिवशी त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान केले जाते. सांडलेल्या रक्ताचे इतके चांगले प्रायश्चित्त क्वचितच पाहायला मिळते.

आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरला तालमींच्या संघांवर जिवापाड प्रेम करणारे लोक आहेत. त्या प्रेमाचे कौतुकच आहे. पण हुल्लडबाजी आणि दगडफेकीच्या बातम्या तिथूनही आलेल्या आहेत.

गर्दीत माणूस बदलतो का?

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मचरित्रात अलिपियस नावाच्या मित्राची हकिगत लिहिली आहे. अलिपियस कायदा शिकायला रोमला गेला होता. तलवारबाजांच्या जीवघेण्या झुंजींचा त्याला तिटकारा होता. मित्रांनी त्याला एकदा ओढून तिथे नेले. तो म्हणाला, तुम्ही माझे शरीर नेऊ शकता, पण मी पाहणार नाही. तो डोळे मिटून बसला. मात्र कान बंद करायचे राहून गेले. कोणीतरी पडला, प्रचंड आरोळी उठली आणि त्याने डोळे उघडले. त्या क्षणापासून तो सर्वांबरोबर ओरडू लागला आणि पुढे स्वतःच इतरांना तिथे घेऊन जाऊ लागला.

ऑगस्टीन सांगतात की त्याचे चुकले ते स्वतःच्या बळावर विसंबण्यात. आपणही म्हणतो, "मी फक्त उभा राहीन, बोलणार नाही." पण गर्दीची आरोळी आधी कानातून शिरते आणि मग तोंडातून बाहेर पडते. अलिपियसची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. देवाने त्याला त्यातून बाहेर काढले आणि तो पुढे बिशप झाला. म्हणून मैदानावर घसरलेल्या कोणाही तरुणाबद्दल आम्ही आशा सोडत नाही.

"पिऊन बोलला, सोडून द्या"

हे वाक्य आपल्याकडे फार सहज म्हटले जाते. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल नेमके उलटे सांगतो. नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा तो उल्लेख करतो आणि कारणही देतो: नशेत माणसाला भान नसते हे खरे, पण प्यावे की न प्यावे हे ठरवताना ते होते. तिथेच त्याची जबाबदारी सुरू झाली. 'दारू बोलली' हे खरे नाही. बोलणारा माणूसच असतो. दारूने फक्त दारावरचा राखणदार झोपवलेला असतो.

ख्रिस्तसभा द्राक्षारसाला पाप म्हणत नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने काय केले ते आपण जाणतो. पण मद्यपी होऊन स्वतःवरचा ताबा सोडणे हे पाप आहे, असे संत पौल स्पष्ट बजावतात. आणि याकोबच्या पत्राचा तिसरा अध्याय तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. ज्या जिभेने आपण पित्याची स्तुती करतो, तिनेच त्याच्या प्रतिरूपाला शाप देतो, हे कसे चालेल, असा त्याचा सवाल आहे. पंचसुद्धा देवाचे प्रतिरूप आहे. ऑफसाईडचा निर्णय चुकला तरीही आहे.

एक सावधगिरी

येथे दुसऱ्या बाजूची चूकही होऊ शकते. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली आणि तिच्यामुळे एकूण ९७ जणांचे प्राण गेले. दारू प्यालेल्या लिव्हरपूल समर्थकांनीच हे घडवले, असे पोलिसांकडून सांगितले गेले आणि वृत्तपत्रांत छापून आले. मृतांच्या, अगदी मुलांच्याही, रक्तातील मद्य तपासले गेले. तो आरोप खोटा होता. लिव्हरपूलच्या अँग्लिकन बिशपांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये सत्य उजेडात आणले आणि २०१६ मध्ये ज्यूरीने समर्थकांना निर्दोष ठरवले. आयाबापांना त्यासाठी २७ वर्षे झगडावे लागले. म्हणून 'ही पोरे अशीच' असे सरसकट बोलणे हेही जिभेचेच पाप आहे.

मग खेळ बंद करावा का?

मुळीच नाही. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की शरीराला जशी झोप, तशी मनाला करमणूक हवी. सतत ताणलेले धनुष्य मोडते, ही संत योहानाची जुनी गोष्ट ते देतात. पण ते तीन अटी घालतात: खेळात अभद्र किंवा इजा करणारे काही नसावे, मनाचा तोल जाऊ नये, आणि काळ, स्थळ, माणूस यांचे भान असावे. आपली स्पर्धा या तीन अटींवर आपणच तपासून पाहावी.

कायदा काही प्रमाणात मदत करतो. पण स्कॉटलंडने २०१२ मध्ये सामन्यांतील द्वेषपूर्ण वर्तनाविरुद्ध खास कायदा केला आणि त्याच्या संदिग्धतेवर बरीच टीका झाल्यावर २०१८ मध्ये तो रद्दही केला. बाटली फाटकावर अडवता येते, शिवी नाही. ती घरातच अडवावी लागते.

अंतिम सामन्यासाठी आम्ही पुढील गोष्टी ठरवल्या आहेत:

१. मैदानावर आणि चर्चच्या आवारात दारू आणू नये. पिऊन आलेल्याला स्वयंसेवक शांतपणे घरी पोहोचवतील; मारहाण किंवा अपमान करणार नाहीत.

२. शिवीगाळ झाल्यास सामना थांबवला जाईल. शिवी आपल्या बाजूची असली तर आधी थांबेल.

३. सामन्यानंतर दोन्ही संघ आणि पंच सभागृहात एकत्र जेवतील, १८८८ साली जेवले तसे. जेवणासाठी महिला मंडळाने होकार दिला आहे.

उपान्त्य सामन्याच्या पंचांच्या घरी आम्ही जाऊन आलो. आम्ही क्षमा मागितली, त्यांनी चहा दिला. अंतिम सामन्याला शिट्टी वाजवायला ते येणार आहेत. तो तरुण अजून आमच्याकडे आलेला नाही. या आठवड्यात आम्हीच त्याच्याकडे जाणार आहोत, कारण त्या दिवशी गप्प आम्हीही होतो.

घरी चिंतनासाठी

- आपल्या मुलांनी पहिली शिवी कोणाच्या तोंडून ऐकली?
- आपला संघ हरल्यावर घरातल्यांना आपली भीती वाटते का?
- कोणाच्या शिवीवर आपण हसलो, आणि त्यामुळे ती वाढली?

प्रभू आपल्या ओठांवर पहारा ठेवो आणि अंतिम सामन्याला आपणा सर्वांना आनंदाने एकत्र आणो.

आपले प्रमुख धर्मगुरू